चौदा पुतळे आणि एक लाल पेन

"पंधरा दिवस द्या मला, त्या मालिकेला सुतासारखी सरळ करतो," असं बायकोला सांगून सर घराबाहेर पडले. बायकोने मान डोलावली आणि विसरलेला डबा हातात दिला.

सर म्हणजे अडतीस वर्षं कॉलेजात ग्रीक आणि रोमन लोकांचा इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर. शेवटच्या वर्षी त्यांच्या वर्गात दोनच विद्यार्थी उरले होते. त्यातलाही एक वर्ग चुकून आत आला होता. पण सरांचं बोलणं तोडून उठायचं कसं, हे न कळल्याने त्या बिचाऱ्याने अख्खं वर्ष काढलं. सर निवृत्त झाले आणि कॉलेजने तो विषयच बंद करून टाकला. त्यानंतरच्या तीन वर्षांत सरांना कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता. बायको विचारायची, पण ते 'चष्मा कुठे ठेवलात' आणि 'गॅस बंद केलात का' असले. त्यांची उत्तरं सरांना येत नसत.

आणि मग एका संध्याकाळी बारा वर्षांची नात टीव्हीवर तिची लाडकी मालिका बघत बसली होती. सर सहज मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर पाताळाच्या दाराशी तीन डोक्यांचा कुत्रा बसलेला, एक म्हातारा नावाडी मेलेल्या माणसांना नदीपार नेतोय, आणि पलीकडे केसांच्या जागी साप वळवळणारी एक राणी जो दिसेल त्याचा दगड करतेय.

"अगं, हे सगळं ग्रीकांचं आहे!" सर जवळजवळ ओरडलेच. "अडीच हजार वर्षांपूर्वीचं!"

नातीने आवाज कमी केला, नीट विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे ग्रीकांनी यांची कॉपी केली?"

सर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालिकावाल्यांना अकरा पानी पत्र लिहिलं, त्यात त्रेचाळीस चुका क्रमवार. उत्तर येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं, सरांना तर मुळीच नाही. पण आलं! पंधरा दिवस सल्लागार म्हणून येऊन बघा, जमलं तर मालिकेचं पुढचं पूर्ण पर्व तुमच्या सल्ल्याने करू, असं त्यात लिहिलं होतं. सरांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि नातीला कबूल करून टाकलं, की पंधराव्या दिवशी तुला शूटिंग बघायला नेणार. म्हणजे नोकरीही त्याच दिवशी ठरणार आणि नातीपुढची पतही. एवढं सगळं एकाच दिवसावर टांगायला नको होतं, पण उत्साहात माणसाला तारखा कळत नाहीत.

स्टुडिओ म्हणजे एक अवाढव्य पत्र्याची शेड होती. आत लाकूड, थर्मोकोल आणि प्लास्टर यांचं एक आख्खं राज्य उभं. तिथल्या मॅनेजरबाईंनी पहिल्याच दिवशी सरांना खुर्ची, टेबल आणि ताकीद दिली. "सर, इथे दीडशे माणसं काम करतात. तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंत टिकत नाही. काय असेल ते कागदावर लिहायचं, खाली सही करायची. सही दिसली की कोणी विचारत बसत नाही, कामाला लागतात."

सरांना ही शिस्त फार आवडली. टेबलावर एक ट्रे होता. प्रत्येक विभाग आपापली यादी त्यात टाकायचा, सरांनी बघून परत ट्रेमध्ये ठेवायची. सरांनी खिशातून लाल पेन काढलं.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. अडतीस वर्षं सरांच्या हाताखालून जो कागद गेला, तो लाल झाल्याशिवाय गेला नाही. लग्नपत्रिका असो की दूधवाल्याचा निरोप, सर शेरा मारणारच. जित्याची खोड! त्यात शेरा मारला की आपलं काम संपलं, अशी त्यांची पक्की समजूत होती. आपल्या शेऱ्यावरून कोणी काही सुधारल्याचं इतक्या वर्षांत त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

पहिला कागद आला रंगकामाचा. 'राणीचा चौक : पुतळे चौदा, पांढरे, संगमरवरासारखे.' सरांनी लिहिलं, 'चूक. असे पुतळे मुळात रंगीत असत. ओठ लाल, केस तपकिरी, वस्त्रं निळी-पिवळी. सुधारावे.' खाली सही, आणि कोपऱ्यात '१० पैकी ४'.

दुसरा कपडेपटाचा. 'सैनिक वीस, चामडी चिलखत, तपकिरी तुमान.' शेरा : 'चूक. हे सैनिक तुमान घालत नसत, ती परक्यांची खूण समजत. काढून टाकावी.' सही. '१० पैकी ३'.

तिसरा मेजवानीच्या प्रसंगाचा, कॅन्टीनमधून यायच्या जिनसांचा. 'टोमॅटो, बटाटे, मिरची, मका : त्या काळी त्या भागात यांतलं काहीही नव्हतं. पूर्ण बंद करावे.' सही. इथे मार्क दिले नाहीत, सर फारच चिडले होते.

तीन-चार दिवसांत कॅन्टीनचं जेवण अगदी पाणचट झालं. ना तिखट, ना बटाटा, नुसता उकडलेला कोबी. दीडशे माणसं तोंडं वाकडी करून जेवत होती. शेवटी सगळ्यांच्या वतीने सरच कॅन्टीनवाल्याकडे गेले.

"मी काय करू, सर? वरून कागद आलाय," तो म्हणाला.

"ज्याने कागद काढला ना, त्याला एकदा इथे बसवून हेच खायला घाला," सर म्हणाले. मागच्या टेबलावर टाळ्या पडल्या. सरांना आपण इथे लोकप्रिय होतोय असं वाटलं, आणि ते खुशीत घरी गेले.

मधल्या दिवसांत त्यांची खरी दोस्ती झाली ती रंगकाकांशी. रंगकाका म्हणजे शेडमधले मुख्य रंगारी. दुपारी चहाला ते सरांच्या टेबलाशी यायचे आणि ग्रीकांविषयी विचारायचे. त्यांना निळा रंग कसा मिळायचा? पिवळा कशाचा करायचे? रंग टिकायचा किती? सर हुरळून जाऊन तास तासभर सांगत. तीन वर्षांनी कोणीतरी प्रश्न विचारत होतं! हे सगळं रंगकाका का विचारतायत, हा प्रश्न मात्र सरांच्या मनात आला नाही. राणीचा चौक पडद्याने झाकलेला होता आणि आतून रंगाचा वास यायचा. रंगाच्या विभागातून रंगाचा वास येणारच, यात विशेष ते काय.

पंधरावा दिवस उजाडला. नात नवा फ्रॉक घालून आली. शेडच्या दारापासूनच तिचे डोळे मोठे झाले. सरांनी तिला तीन डोक्यांचा कुत्रा दाखवला. तो आत स्पंजचा होता आणि एक डोकं दुरुस्तीला गेलं होतं, तरी तिने त्याला हात लावून पाहिला. मॅनेजरबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, की आज दिग्दर्शक साहेब चौकाचं शूटिंग झालं की तुमचं ठरवणार आहेत. सरांनी कोट सारखा केला.

पहिली गडबड मेकअपच्या खोलीशी झाली. वीस सैनिक बाहेर यायला तयार नव्हते. दार किलकिलं करून त्यांच्यातला एक मिशाळ म्हणाला, की वर चिलखत आहे, तलवार आहे, पण खाली काही दिलेलं नाही. अंगरखा मांडीच्याही वर संपतो, आणि बाहेर तर लहान मुलगी उभी आहे. कपडेपटवाल्या बाईंनी शांतपणे कागद पुढे केला. त्यावर लाल अक्षरं होती. सरांना ती लांबूनच ओळखीची वाटली.

तेवढ्यात दिग्दर्शकाने हाक दिली. चौकावरचा पडदा सर्रकन बाजूला झाला.

चौदा पुतळे. लालभडक ओठ, गुलाबी गाल, निळ्या-पिवळ्या चट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं, आणि काळ्याभोर बुबुळांनी सगळे सरळ समोर बघणारे! राणीने दगड केलेली नगरातली माणसं असायला हवी होती ती. दिसत होती मात्र नुकतीच न्हाऊन-माखून फोटो काढायला उभी राहिल्यासारखी.

दिग्दर्शक एका पुतळ्यापाशी गेला, त्याच्या गालावर बोट फिरवलं आणि बोट बघितलं. "हे कोणी सांगितलं?" तो अगदी हळू म्हणाला, आणि त्याचं हळू बोलणंच जास्त भीती घालणारं होतं.

रंगकाका पुढे झाले. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता. ते तो पुढे करणार, एवढ्यात त्यांची नजर सरांवर गेली, मग सरांचं बोट धरून उभ्या असलेल्या नातीवर. रंगकाकांनी कागद खिशात घातला.

"माझीच चूक आहे साहेब," ते म्हणाले. "माझ्याच डोक्यातून निघालं."

"तीस वर्षं काम करताय तुम्ही! आठ दिवसांची मेहनत अशी पाण्यात? उद्यापासून..."

सरांना कळत होतं, की आता नुसतं मूग गिळून उभं राहिलं तर नोकरी राहते, नातीपुढची पत राहते. जातात ते रंगकाका. सरांनी नातीचं बोट सोडलं.

"थांबा," ते म्हणाले. "काका, तो कागद काढा. लाल अक्षर माझं आहे. तुमानीवरचंही माझंच." मग त्यांना कॅन्टीनवाला दिसला. "आणि मिरचीवरचंही."

मिरचीचं ऐकून दीडशे माणसांनी जो सुस्कारा टाकला, तो सरांना पुढे कितीतरी दिवस ऐकू येत होता.

"पण सर, लोकांना जुनं म्हणजे पांढरंच माहीत आहे," दिग्दर्शक कपाळाला हात लावून म्हणाला. "हे खेळण्यांचं दुकान वाटतंय."

"हजारो वर्षं मातीत पडून, ऊनपाऊस खाऊन त्यांचे रंग उडाले हो," सर म्हणाले. "आपण उडालेला रंग बघितला आणि तोच खरा धरला. ती माणसं काही पांढऱ्या जगात राहत नव्हती. तुमच्या-माझ्यासारखी रंगात राहत होती. हे मी कागदावर लिहिलं, समजावून कोणाला सांगितलं नाही. चूक माझी. काकांना काही बोलू नका, माझं काम आजच संपलं असं समजा."

सर वळले. नात मात्र जागची हलली नाही. ती पुतळ्यांकडे टक लावून बघत होती.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "राणीचा शाप उतरतो तेव्हा दगडाची माणसं एकदम हालायलाच लागतात. मला ते नेहमी खोटं वाटतं. आधी रंग यायला नको का?"

सर परत मागे वळले. मग त्यांनी आयुष्यात प्रथमच एक गोष्ट केली. विद्यार्थ्याचं उत्तर ते स्वतः समजावून सांगायला लागले नाहीत. "जरा मोठ्याने सांग," ते म्हणाले. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तिने सांगितलं. दिग्दर्शकाने कपाळावरचा हात काढला. पुतळ्यांभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. पुढच्या भागात शाप उतरायचाच होता, त्याला फक्त तो उतरताना दिसायचा कसा, हेच सुचत नव्हतं.

"काका, हे परत पांढरे करायला किती वेळ?"

"पांढरं करायला काय, एक दिवस," रंगकाका म्हणाले.

"मग आज शाप उतरवू आणि परवा शाप देऊ!" दिग्दर्शक ओरडला. "आपल्याकडे सगळं उलटंच तर शूट होतं. आधी ओठ लाल होतील, मग डोळे, मग कपडे. लावा लाइट!"

सैनिकांना ढालींमागे उभं करून कमरेच्या वर शूट करायचं ठरलं. मिशाळ सैनिकाने नातीला आपलं शिरस्त्राण घालायला दिलं. दुपारच्या जेवणात बटाट्याची भाजी होती, भरपूर तिखट घातलेली, आणि कॅन्टीनवाल्याने सरांना समोर बसवून आधी उकडलेल्या कोबीची एक वाटी संपवायला लावली. सरांनी ती निमूटपणे संपवली. शेजारी बसलेले रंगकाका हसत होते, आणि त्यांचा हसरा चेहरा बघून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाचं नक्कीच नव्हतं.

घरी जाताना नात म्हणाली, "आजोबा, आता कळलं. कॉपी ग्रीकांनी केली नव्हती." सरांना त्या दिवशी दोन वेळचं जेवण गोड लागलं.

आठवड्याने नेमणुकीचं पत्र आलं. पूर्ण पर्वासाठी! 'ग्रीक व रोमन इतिहासाचे तज्ज्ञ' असं त्यात छापलं होतं. सर भारावून गेले. पुतळ्यांच्या प्रकरणानंतर एवढा मोठा शब्द त्यांना पेलवेना. इतकी मोठी चूक करणारा तज्ज्ञ कसला, आपण अजून शिकतोच आहोत, असं त्यांच्या मनात दाटून आलं. हात आपोआप खिशाकडे गेला. त्यांनी 'तज्ज्ञ' या शब्दावर काट मारली, शेजारी लिहिलं, 'चूक. विद्यार्थी म्हणावे', खाली सही केली आणि पत्र परत पाठवून दिलं.

सही दिसली, की तिथे कोणी विचारत बसत नाही. सोमवारी सरांना गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं. त्यावर फोटोखाली ठळक अक्षरांत 'विद्यार्थी' असं छापलेलं आहे. टेबल-खुर्ची गेली, शिकाऊ मुलांच्या बाकावर ते सगळ्यात शेवटी बसतात. लाल पेन मॅनेजरबाईंच्या कपाटात आहे, आणि पाहिजे असेल तर कागदावर मागणी लिहून द्यावी लागते.