रचनाचा बर्फाचा डबा

"बाबा, शिवू नोका त्याले."

रचना एवढंच बोलली आणि फुलचूरच्या त्या घरात सगळं बिनसलं. देवाजी लेकीचा थर्माकोलचा डबा उन्हातून सावलीत सरकवायला गेले होते. लहानपणी दवनीवाड्याला पाटलाच्या विहिरीवर हे शब्द त्यांनी पोटभर ऐकले होते, पोटच्या पोरीकडून मात्र पहिल्यांदाच ऐकले. त्यांनी हात मागे घेतला आणि समोरचा चहाही बाजूला सारला.

"पोरगी शिकली अन् बापाचाच विटाळ मानून राहिली," ते बायकोला, कलाबाईंना म्हणाले.

रचना रडकुंडीला आली. दवाखान्यातून आणलेल्या त्या डब्यात बर्फावर एकाच रोग्याच्या यकृताचे दोन तुकडे होते, एक चांगला, एक गाठीचा. पेशीत एम-आरएनए नावाचा निरोप्या असतो. गाठीतले निरोप चांगल्या यकृतापेक्षा कुठे बिघडले, हे तिला नागपूरच्या प्रयोगशाळेत ताडून पाहायचं होतं. पण निरोप्या भारी नाजूक. माणसाच्या नुसत्या बोटानं त्याचा चुरा होतो. बंद डब्याला हात लागून काही बिघडत नाही हे खरं, पण संशोधन करणाऱ्याच्या जिवाला धीर कुठला?

"माह्या बोटानंही मरते, बाबा. म्हणून तं हातमोजे लागतेत."

देवाजींनी विचार केला. "म्हणजे सगळ्याइच्याच हातानं?"

"सगळ्याइच्याच."

"पाटलाच्याही?"

"पाटलाच्याही."

देवाजींनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि मीही नागपूरला येतो म्हणाले.

गाडीत लेकीचे हातमोजे चढवून ते डब्याला खेटून बसले. तिरोड्याला नेमके दवनीवाड्याचे यादोराव पाटील चढले आणि बसायला जागा करावी म्हणून डबा सरकवू लागले.

"शिवू नोका, पाटील."

बोलताना देवाजींच्या तोंडाला गूळ लागला. यादोरावांचा चेहरा मात्र उतरला, कारण विहिरीवरचे हे शब्द त्यांनाही पाठ होते. "काऊन?" त्यांनी हळूच विचारलं. देवाजींनी यकृत, गाठ, निरोप्या, सगळं सांगितलं. यादोराव हात मांडीत घालून कडेला टेकले आणि मग येणाऱ्याजाणाऱ्याला तेच डब्यापासून लांब ठेवू लागले. ते बघून देवाजींना त्यांची माया आली.

तुमसरला चहावाला आला. देवाजींनी हातमोजे काढले, दोन कप घेतले आणि एक पुढे केला. यादोरावांचे हात काही मांडीतून निघेनात.

"डब्याले शिवू नोका म्हणलो, पाटील. मले चालते."

यादोरावांनी कप दोन्ही हातांनी घेतला. बोटाला बोट लागलं, आणि कशाचाच चुरा झाला नाही.