बिनशिक्क्याचं कोर्ट

"ते सगळं ठीक आहे, पण निकालावर शिक्का कुठाय?" शरच्चंद्ररावांनी विचारलं.

सुबोधच्या हातातला चहा तसाच राहिला. शरच्चंद्ररावांच्या मुलीला, भार्गवीला, तो पसंत होता, तिच्या आईला, पद्मजाबाईंनाही पसंत होता, पत्रिकाही जुळत होती. घोडं अडलं होतं नोकरीवर. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर बसून तो अमेरिकेतल्या फेडरल अपील कोर्टांचे ताजे निकाल वाचायचा आणि सहकाऱ्यांशी फोनवर चर्चा करून तिकडच्या वकिलांसाठी त्यांचा सारांश लिहायचा. शरच्चंद्ररावांनी तर एकतीस वर्षं निकालांच्या प्रती देणाऱ्या, कोर्टाच्या नक्कल विभागात काढलेली. गोल शिक्का नसलेल्या कागदावर त्यांचा जन्मात विश्वास बसला नव्हता. लग्नपत्रिका आली तरी ते आधी उलटी करून बघत.

"शिक्का नसतो काका." सुबोधनं लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला. "हा कालचा निकाल. एका ट्रकचालकाला कामावरून काढलं. खालच्या कोर्टानं त्याचा दावा फेटाळला, अपील कोर्टानं तो निकाल रद्द केला आणि प्रकरण परत खाली पाठवलं."

"कालचा निकाल आज तुमच्याकडं? नकलेचा अर्ज कुणी केला?"

"अर्ज लागतच नाही. वेबसाइटवर टाकतात. कुणीही वाचावं, फुकट."

"फुकट! आणि अपील कधी केलेलं?"

"अकरा महिन्यांपूर्वी."

शरच्चंद्ररावांनी बायकोकडं सूचक नजर टाकली. त्यांच्या वेळी अकरा महिन्यांत समोरच्या पार्टीला नोटीस पोचली तरी लोक पेढे वाटत.

"तीन न्यायाधीश होते," सुबोध बिचारा सांगतच होता. "तिसऱ्यानं विरोधी मत लिहिलंय. निकाल दोघांचाच लागतो, पण तिसऱ्याचं म्हणणंही कायमचं नोंदलेलं राहतं."

हे मात्र शरच्चंद्ररावांना मनातून आवडलं. त्यांनी तसं दिसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरात कुणाला न सांगता ते रिक्षानं जुळे सोलापुरात गेले. सुबोधच्या शेजारी राहणाऱ्या गौरम्मा दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"मुलगा कसा आहे हो?"

"चांगला हाय की. पण दिवसभर दार लावून फोनवर बोलतोय. कुणाला सोडलं म्हणतोय, कुणाची शिक्षा कायम म्हणतोय. लई मोठा सायेब असंल."

शरच्चंद्रराव तिथूनच मागं फिरले. फोनवर खोटं कोर्ट भरवून माणसांना लुबाडणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या ते रोज कात्री घेऊन वाचत. तडक सात रस्ता चौकात, स्थळ आणणाऱ्या महेश्वरच्या दुकानात जाऊन त्यांनी सांगितलं, "लग्न मोडा."

महेश्वरनं मुलाकडं कळवलं. तिकडूनही रागानं "बरं" आलं. घरी येऊन शरच्चंद्ररावांनी नकाराची सहा कारणं, शेजारणीच्या साक्षीसकट, फुलस्केपवर मुद्देसूद लिहिली, खाली सही ठोकली आणि कोर्टाची नोटीस डकवावी तसा कागद स्वयंपाकघराच्या दाराला डकवला.

भार्गवीनं तो वाचला. "बाबा, त्याला एकदा विचारायचं तरी," एवढंच म्हणाली आणि ताटावरून उठली. शरच्चंद्ररावांनीही ताट बाजूला सारलं. पण संशय काही हटेना.

सकाळी दारावर दुसराच कागद होता, पद्मजाबाईंच्या अक्षरात. 'अपील मंजूर. खालच्या कोर्टानं मुलाची बाजू न ऐकता शेजारणीच्या ऐकीव माहितीवर निकाल दिला. निकाल रद्द. लग्न कायम.' खाली दोन सह्या. एक पद्मजाबाईंची, दुसरी शांताअक्कांची. अक्का म्हणजे शरच्चंद्ररावांची थोरली बहीण, पद्मजाबाईंच्या रात्रीच्या फोनवरून पहिल्या एसटीनं टेंभुर्णीहून आलेली. तिच्यासमोर ते आजही पाय पसरून बसत नसत.

"असल्या साध्या कागदाला..." ते चष्मा लावत म्हणाले आणि थांबले. कोपऱ्यात लालभडक, गोल शिक्का होता. पद्मजाबाईंनी करंड्याचं झाकण ओल्या कुंकवात बुडवून उमटवलेला. गोल कुठंही तुटलेला नव्हता.

"तिसरा न्यायाधीश तू," अक्का म्हणाल्या. "जागा सोडलीय बघ."

"माझं मत विरोधी आहे."

"मग लिही की. निकाल आमचा दोघींचाच लागतो."

शरच्चंद्ररावांनी दीड पान लिहिलं. सुबोधवर, अमेरिकेवर, वेबसाइटवर, सगळ्यांवर संशय घेतला. फार दिवसांनी त्यांना हलकं वाटलं. मग त्यांनी स्वतः सुबोधच्या आईला फोन लावून माफी मागितली.

साखरपुड्यादिवशी त्यांनी ते सगळे कागद सुबोधच्या हातात दिले. "ह्याचा सारांश लिहा. माझं मत गाळायचं नाही."

सुबोधनं तिथंच दोन ओळी लिहिल्या. 'लग्न मंजूर. एका न्यायाधीशांना अजून संशय आहे.'

शरच्चंद्ररावांनी कागद वाचला, सवयीनं उलटा करून बघितला. मग भार्गवीला हाक मारून करंड्याचं झाकण आणायला सांगितलं, आणि त्या सारांशावर आपल्या हातानं शिक्का मारला.