मोहोडकाकांचं बावीस यार्डांचं माप

आमचे अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातले शेजारी मोहोडकाका जगातलं प्रत्येक अंतर क्रिकेटच्या पिचमध्ये मोजतात. पार्किंगपासून दुकानाचं दार तीन पिच. गणपतीतल्या जेवणाची रांग दीड पिच. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाच्या आधी त्यांनी सोफा आणि टीव्हीकडे पाहिलं. "पाव पिचही नाही बे! डोळे जातीन तुहे."

काका मूळचे अमरावतीचे, ऑफस्पिनर. इथे जन्मभर आयटीत नोकरी करून रिटायर झाले. इथवर ठीक होतं. पण हा माणूस दर थंडीच्या तोंडावर धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला जातो, हे कळलं तेव्हा मी उडालोच. आमच्या ओळखीतले लोक शिकार करतात ती सेलमध्ये. माझ्या बायकोने तर त्यांच्याकडून आलेला डबा दोन दिवस उघडला नाही. उघडला तर आत पुरणपोळ्या.

इथले शिकारी रेंजफाइंडर वापरतात. मुठीत मावणारी दुर्बीण, बटण दाबलं की समोरचं अंतर सांगते. काकांना तिचा भयंकर राग. "बावीस यार्ड माह्या डोळ्यात छापले आहेत. मशीन कायले पाहिजे?" पण अंतराच्या बाबतीत माणूस कडक. "अंदाज चुकला का जनावर अर्धमेलं होऊन पळते. ते पाप नाही पाहिजे आपल्याले."

काकू गेल्या, आणि त्यानंतर काका दर वेळी रिकाम्या हाताने परतू लागले. एकदा मराठी मंडळात कोणीतरी तोंडावर म्हणालं, "काका, नजर गेली तुमची. विकून टाका ते धनुष्य." मी हबकलो. पुढच्या कार्यक्रमाला ते आलेच नाहीत.

मला राहवेना. मी गुपचूप रेंजफाइंडर विकत घेतला आणि त्यांच्याबरोबर जंगलात गेलो. गारठलेली सकाळ, झाडाआड आम्ही दोघं. बऱ्याच वेळाने एक हरीण ओकच्या झाडांतून बाहेर आलं.

"एक पिच, वर चार यार्ड," काका पुटपुटले.

मी बटण दाबलं. सव्वीस! माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. काकांनी दोरी कानापर्यंत ओढली, हरणाकडे बघत राहिले, आणि हळूच सैल सोडली. हरीण निघून गेलं.

"अहो, बरोब्बर होतं! सोडला का नाही?"

काका बाण भात्यात ठेवत म्हणाले, "आपल्या टेनिस कोर्टवर तुही काकू बॅट घेऊन उभी राहे. मी बॉलिंग करो. बावीस यार्डांवर ती केवढी दिसते, तेच माहं माप. जनावराच्या बाजूले तिले उभी करतो, मंग अंतर कळते. आता तिच्या अंगावर बाण सोडू काय?"

मी म्हणालो, "पण पूर्वी तर आणायचात की शिकार!"

"तवा ती घरी होती ना बे. आता तिथंच असते."

मी घाईघाईने रेंजफाइंडर पुढे केला. "मग काका, हा ठेवा. म्हणजे काकूंना उभं करावंच लागणार नाही."

काकांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याच जॅकेटच्या खिशात टाकला आणि चेन वर ओढली.

"मंग मी इथं येऊ कायले?"