लालासाहेबांनी मेंढरं बसवली

फौजेतून हवालदार होऊन परतलेल्या लालासाहेबांनी खतासाठी रानात मेंढरं बसवायचं ठरवलं आणि आधी चुन्याच्या रेघा मारल्या. एका चौकोनात एक मेंढरू. रात्रीतून लेंड्या सगळ्या रानात सारख्या पडल्या पाहिजेत आणि सकाळी कळप हलला पाहिजे!

मेंढरांची मालकीण सुलाबाई हात जोडून म्हणाली, "आण्णा, दोन मेंढ्या व्यायला झाल्यात. ह्या गारठ्यात वाटंत व्याल्या तर कोकरं जगायची न्हाईत. आठ दीस ऱ्हाऊ द्या की."

"जमायचं न्हाई. मला ऊस लावायचाय."

दिवस मावळला, वारं सुटलं आणि सगळी मेंढरं चौकोन सोडून बांधाच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटली.

"खुली लाइन, चल!" लालासाहेबांनी गरजून कवायतीतला पांगायचा हुकूम सोडला. मेंढरं आणखी चिकटली.

त्यांनी एक मेंढरू उचलून चौकोनात नेऊन ठेवलं. दुसरं आणायला वळले, तर पहिलं त्यांच्या आधी कोपऱ्यात हजर.

"थंडीत अशीच बसत्यात ती," सुलाबाई म्हणाली. "एकमेकाच्या उबंवर रात काढत्यात. सुटी ऱ्हायली तर अंगातली ताकद कुडकुडण्यातच जाती."

"शिस्त न्हाई, दुसरं काय!"

मधली उठवली की गर्दी आपोआप फुटणार, हे हवालदारांनी ताडलं. ते थेट कळपात घुसले. पायातली चप्पल गेली. ती शोधायला वाकले, तर मागची मेंढरं पुढे सरली आणि ते मधोमध बसते झाले. चहूबाजूंनी ऊब लागली, तसे त्यांनी पाय पोटाशी घेतले.

लालासाहेबांच्या पत्नी अंबूबाई भाकरी घेऊन आल्या. थंडीनं त्यांचे दात वाजत होते. "आवं, कुटं हायसा?"

"हितं," कळपातून आवाज आला. "वरडू नगंस, जनावरं दचकत्यात."

"उठा की. जेवायचं न्हाई व्हय?"

"उठलो तर गार वारं आत शिरंल. सुलाबाईला म्हणावं, कोकरं हितंच होऊ द्यात. रोज एक कोपरा घेऊ, रान भरलं की मग जावा. ऊस काय पळून जात न्हाई."

सुलाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कुणाला दिसू नये म्हणून ती उगाच दुसरीकडे बघत राहिली.

अंबूबाईंनी भाकरीचं गठुडं तिच्या हाती दिलं, पदर खोचला आणि कळपात पाय टाकत म्हणाल्या, "जरा सरका तिकडं."