आधी ताट, मंग जादू

जादू करण्याआधी बाळाराम घरत, म्हणजे आमचा बाळादादा, हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन वास घेत असे.

"चार नंबरच्या टेबलाला काय गेला?"

"खेकडे," मी सांगायचो.

लगेच तो हातातला पत्त्यांचा कॅट पुन्हा पिशवीत टाकायचा. "चिंबोरी? मंग पत्ते नाय. मानसाची दाही बोटं तोंडात असतात. आधी ताट, मंग जादू."

आमचं हॉटेल पनवेलहून कर्नाळ्याकडे जाताना महामार्गावर. खाली परमिट रूम, वर फॅमिली रूम. घरातला पहिला पदवीधर म्हणून गावात माझा नारळ देऊन सत्कार झाला होता. त्यानंतर तीन महिन्यांनी मी इथे ऑर्डर घ्यायला लागलो. बाळादादा टेबलाटेबलाशी जाऊन जादू दाखवायचा. माझ्या पदवीची आठवण ठेवणारा तिथे तो एकटाच. "ए बीए!" अशी हाक मारायचा, तीही चार टेबलं वळून बघतील अशी.

"जादू कुनालाबी येते," तो म्हणायचा. "कंची कुठं नाय करायची, ते येत नाय."

ही विद्या त्याने मार खाऊन मिळवली होती. जादूच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, प्रेक्षकाच्या हातात पत्ता द्या. दादा विचारायचा, कुठल्या? उजवा रश्श्यात, आणि डावा पुढे केला की शेजारची आजी डोळे वटारते. म्हणून त्याची पत्त्यांची सगळी जादू ऑर्डर दिल्यापासून पापड येईपर्यंत. एकदा कुणाच्या तरी आग्रहाने त्याने लिंबातून नाणं काढलं. त्या कुटुंबातल्या आजींनी मीठ मागवलं, सगळ्यांची दृष्ट काढली आणि जेवण पार्सल करून नेलं. एकदा एका नवऱ्याची अंगठी गायब केली. नवरा म्हणाला, "राहू द्या, घाई नाही." बायकोने पुढचा घास घेतला नाही. तेव्हापासून लिंबू बंद, अंगठी बंद.

खालचे नियम आणखी कडक. परमिट रूममध्ये कुणाची वस्तू नाहीशी करायची नाही आणि कुणाचा अंदाज चुकवायचा नाही. "तो आधीच कुठंतरी चुकून आलाय," दादा म्हणायचा. तिथे गिऱ्हाईकच अचूक पत्ता ओळखायचं आणि दादा 'आ' वासून बघत राहायचा. एक रंगारी तर महिनाभर स्वतःलाच जादूगार समजत होता.

मग मोठ्या शेठचा मुलगा हॉटेल बघू लागला. पहिल्याच आठवड्यात त्याने दादाला एक पाकीट आणून दिलं. उघडलं की भक्कन ज्वाळा!

"व्हिडिओत हेच दिसतं, बाळाराम. लोकांनी फोन काढले पाहिजेत."

"शेठ, मानसं जेवाला येतात. ताटावर आग कशाला?"

"रविवारी दुपारी वाढदिवसाची पार्टी आहे. पाकीट उघडायचं असेल तर या. नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

मी तीन दिवस त्याची मनधरणी केली. "दादा, एकदाच उघडा ना. पाकीटच तर आहे."

"बीए, तू शिकलेला हायेस. तू तरी आसं बोलू नको."

रविवारी वीस माणसं आली. वाढदिवस त्यांच्यातल्या आजींचा होता. डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट, डोळ्यांवर काळा चष्मा. केक आला तेव्हा कुणीतरी त्यांचा चेहरा धरून केककडे वळवला. बाकी सगळ्यांच्या हातात फोन. काउंटरवरून शेठने खूण केली. दादाने खिशातून पाकीट काढलं, आजींकडे पाहिलं, आणि पाकीट परत खिशात गेलं. तो त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला.

"आये, दिसतं किती?"

"उजेड दिसतो. मानूस नाय."

"बेस झाला. हात दे."

त्याने स्पंजचा एक गोळा आजींच्या मुठीत मिटला आणि दुसरा आपल्या मुठीत धरला. मग आपली मूठ त्यांच्या कानाशी नेऊन हळूच फुंकर मारली. "गेला माजा. आता तुजी उघड."

आजींनी मूठ उघडली आणि दुसऱ्या हाताने चाचपली. एक गोळा. दुसरा गोळा.

"अगं बाय! याला पिल्लू झाला!"

त्या इतक्या हसल्या की मुकुट पडला. "परत कर!" जादू पुन्हा दाखवायची नसते म्हणतात. दादाने चार वेळा दाखवली. फोनवाल्यांना काहीच मिळालं नाही. एक म्हातारी आणि तिची मिटलेली मूठ, एवढंच.

"काय दिसलं व्हिडिओत?" काउंटरशी शेठ म्हणाला. "कोट काढून ठेवा."

दादाने हॉटेलचा चमकीचा कोट काढला, नीट घडी घातली आणि वर ते पाकीट ठेवलं. "शेठ, वाढदिवस तिचा व्हता. फोनचा नाय." आणि पिशवी खांद्याला लावून तो जिना उतरला.

मला नोकरी हवी होती. पण पाय तिथे ठरेनात. ऐन गर्दीत ऑर्डरचं पुस्तक काउंटरवर टाकलं आणि शेठच्या देखत दादाच्या मागे गेलो.

स्टॉपवर आम्ही दोघेच होतो. मी विचारलं, "दादा, घरी कुणावर करून बघता हे गोळ्यांचं?"

"कुनावर करनार? मी एकलाच. माज्याच डाव्या हातावर करतो." तो रस्त्याकडे बघत राहिला. "पन आपल्या हाताला फसवता येत नाय रे. त्याला आधीच म्हाईत असतं, दोन हायेत."

मी हात पुढे केला. हा खेळ मी शंभरदा पाहिला होता, कसा होतो तेही मला ठाऊक होतं. त्याने माझ्या हातात गोळा ठेवला, मूठ मिटली आणि ती आपल्या दोन्ही हातांत धरली. दादाची पनवेलची एसटी आली, कंडक्टर ओरडला, एसटी गेली.

"दादा, उघडू?"

"थांब जरा," तो म्हणाला.