मंगळवारी दहा वाजून बारा मिनिटांनी

साक्ष द्यायला दोनच गोष्टी लागतात, डोळे आणि जीभ, असं घड्याळजींचं मत होतं. आणि दोन्ही आपल्याकडे उत्तम अवस्थेत आहेत याबद्दल त्यांना तीळमात्र शंका नव्हती. जिभेबद्दल गल्लीतही कुणाचं दुमत नव्हतं.

त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं आणि सदतीस वर्षं ते तिथे बसत होते. दुकानाला लागून एक बोळ मागे जायचा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पोट आत ओढून घ्यावं लागेल, एवढीच त्याची रुंदी. बोळाच्या टोकाला एका खोलीत शिवणताई राहायच्या. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, घरात शिवणाचं एक मशीन, आणि गिऱ्हाईक म्हणून जे काही येई ते त्या बोळातून. पलीकडची इमारत एका फर्निचरवाल्याने विकत घेतली आणि महिन्याभरात बोळाच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवून कुलूप ठोकलं. बोळ माझा आहे, इथून कधीच कुणाची ये-जा नव्हती, असं त्याचं म्हणणं. शिवणताईंना आता मागच्या बाजूने, दोन परसं आणि एक उघडं गटार ओलांडून बाहेर यावं लागे. त्या ओलांडायच्या. गिऱ्हाइकं ओलांडायला तयार नव्हती.

शिवणताई घड्याळजींना सोबत घेऊन एका वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाईंनी सांगितलं की फाटक उघडून घ्यायचं तर हा रस्ता वर्षानुवर्षं वापरात होता हे कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. ज्याने स्वतः पाहिलंय अशा एखाद्या जुन्या शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र हवं.

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत घड्याळजी खुर्चीतून उठले होते. फाटक कधी बसलं ते आपल्याला मिनिटावर माहीत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. "मंगळवार. दहा वाजून बारा मिनिटं. लिहून घ्या."

वकीलबाईंनी लिहून घेतलं नाही. त्या म्हणाल्या, "काका, गुरुवारी या. मी एकेक प्रश्न विचारते, तुम्ही सांगा, मग आपण मिळून लिहू."

हे घड्याळजींना लागलं. सबंध गावाच्या वेळा जुळवणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचे? घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं की आपण उद्याच सगळं उरकून टाकणार. त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे काकू म्हणत. काकू फारशा बोलत नसत, कारण त्या घरात बोलायला फट सापडणं अवघड होतं. तरी त्या म्हणाल्या, "अहो, पण त्यांनी गुरुवारी बोलावलंय ना?"

"अगं, खरं सांगायला तारीख कशाला लागते?"

बुधवारी सकाळी घड्याळजी कोर्टाबाहेर जिन्याखाली बसणाऱ्या टंकलेखकासमोर जाऊन बसले. हा टंकलेखक रसिक होता. घड्याळजींनी "मी बोळ पाहिला आहे" असं म्हटलं की कागदावर "सदर बोळ मी दररोज, अखंडपणे व डोळ्यांत तेल घालून पाहत आलो आहे" असं उमटायचं. घड्याळजींना ते इतकं आवडलं की त्यांनी 'सदर' हा शब्द आणखी कुठे कुठे बसेल याची चौकशी केली. टंकलेखक म्हणाला, हवा तिथे बसतो. सात पानांत तो एकसष्ट वेळा बसला. सदतीस वर्षांत दुकान एकही दिवस बंद नव्हतं, हे आलं. शिवणताईंच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपण चेहऱ्याने ओळखतो, हे आलं. आणि चौथ्या कलमात, सदर फाटक सदर मंगळवारी दहा वाजून बारा मिनिटांनी बसवले जात असताना आपण ते दुकानात बसून प्रत्यक्ष पाहिले, हेही आलं.

नोटरीने शिक्का मारण्याआधी, वाचलंय का, असं विचारलं. घड्याळजी म्हणाले, वाचायचं काय, मीच सांगितलंय. वरील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे, असं शपथेवर म्हणून त्यांनी खाली सही केली. सहीच्या शेपटीने पानाची कड गाठली.

गुरुवारी वकीलबाई दुसऱ्या कोर्टात अडकल्या होत्या. घड्याळजींनी कागद त्यांच्या कारकुनाच्या हाती दिला. कागदपत्रं दाखल करायची ती शेवटची तारीख होती. कारकुनाने वर नाव पाहिलं, खाली शिक्का पाहिला आणि सात पानं गठ्ठ्यात घातली. वकीलबाईंनी ती पहिल्यांदा वाचली ती सुनावणीच्या दिवशी, कोर्टात बसल्या बसल्या. दुसऱ्या पानावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मजकूर तोच राहिला. तोवर घड्याळजी साक्षीला उभे राहिले होते.

फर्निचरवाल्याचे वकील अगदी मऊ बोलणारे गृहस्थ होते. आजारी माणसाची विचारपूस करावी तशा आवाजात त्यांनी विचारलं, "काका, काम करताना डोळ्याला भिंग लावता?"

"लावतो."

"आणि दुसरा डोळा?"

"तो मिटतो."

"मग डोळ्यांत तेल घालून बोळ पाहता, तो कोणत्या डोळ्याने?"

घड्याळजींनी खुलासा केला की मुरलेल्या माणसाला नुसत्या पावलांवरूनही कळतं. न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं, आणि ते थोडकं नव्हतं.

मग वकिलांनी एक वही पुढे केली. नगरपालिकेच्या मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाला दर मंगळवारी किल्ली द्यायचं काम घड्याळजींकडे होतं, आणि तिथे येण्याजाण्याची वेळ लिहून सही करावी लागे. घड्याळजी वेळेच्या बाबतीत काटेकोर. त्या मंगळवारी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: आलो नऊ पन्नासला, गेलो अकरा पाचला.

"ही सही तुमचीच ना?"

शेपटीवरून नाही म्हणायची सोयच नव्हती. घड्याळजी हो म्हणाले.

"दहा बाराला तुम्ही मनोऱ्यावर होतात. तिथून हा बोळ दिसतो?"

घड्याळजींनी स्वतः लिहिलेली ओळ पुन्हा वाचून पाहिली. हे त्यांना सवयीचं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "दिसतो म्हणजे... त्या दिशेला आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की शपथेवर लिहून दिलेला कागद म्हणजे पारावरच्या गप्पा नव्हेत. खोटी शपथ घेणाऱ्यावर खटला भरता येतो. शिवणताईंच्या बाजूने आठ दिवसांत खुलासा द्यावा, नाहीतर ही साक्ष बाजूला ठेवून निकाल दिला जाईल. आणि ही साक्ष बाजूला ठेवली तर शिवणताईंकडे दुसरं काही उरतच नव्हतं.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना घड्याळजींना वाटलं, शिवणताई आता चार शब्द सुनावतील. त्यांनी नुसतं कपड्यांचं गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं, मशीनचा पट्टा सैल झालाय, तो घ्यायला जायचंय, एवढं म्हणाल्या आणि गेल्या. घड्याळजी घरी आले आणि त्या दिवशी त्यांनी जेवताना एकही गोष्ट सांगितली नाही. काकूंनी दोनदा वाढताना त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते वकीलबाईंकडे निघाले तेव्हा काकूही पायांत चपला घालून तयार होत्या. एकटं सोडलं तर आणखी कुठेतरी सही करून येतील, अशी त्यांना भीती होती.

वकीलबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सात पानं समोर ठेवली आणि हातात लाल पेन घेतलं. प्रतिज्ञापत्र म्हणजे कोर्टात उभं राहून बोलण्यासारखंच असतं, त्या म्हणाल्या. जे स्वतः पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहायचं, जे ऐकलं ते ऐकलं म्हणून लिहायचं आणि कुणाकडून ऐकलं तेही लिहायचं. जे नुसतं वाटतं, ते घरी ठेवायचं. मग त्यांनी पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे स्वतः पाहिलंत?"

घड्याळजी म्हणाले, हो. मग म्हणाले, म्हणजे तसंच. मग म्हणाले, सगळ्यांनाच माहीत आहे ते. लाल रेघ ओढली गेली. दुकान एकही दिवस बंद नव्हतं, यावर त्यांना स्वतःच्याच डोळ्याचं ऑपरेशन आठवलं. तेव्हा दुकान तीन महिने बंद होतं. लाल रेघ. गिऱ्हाइकांचे चेहरे? त्यांना दोन आठवले, आणि त्यांतलाही एक पोस्टमन निघाला. तासाभराने सात पानांत जे शिल्लक राहिलं ते असं: घड्याळजींचं नाव, वय, धंदा, पत्ता, आणि बोळ अस्तित्वात आहे ही गोष्ट.

"आणि मंगळवारचं फाटक?" वकीलबाईंनी विचारलं. "तुम्ही मनोऱ्यावर होतात, तर दहा बारा ही वेळ आली कुठून?"

घड्याळजी खरोखरच विचारात पडले. ते दृश्य त्यांना स्वच्छ दिसत होतं. फाटक खांद्यावर घेतलेली माणसं, भिंतीला पाडलेली भोकं, उडालेली लाल धूळ. फक्त आपण ते उभं राहून कुठून पाहत होतो, ते काही केल्या आठवेना.

"मी सांगितलं होतं त्यांना," दाराजवळच्या स्टुलावरून काकू म्हणाल्या. "दुपारी, जेवताना."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची फिरवली.

दुकानाच्या वर घड्याळजींचं घर होतं आणि स्वयंपाकघराची खिडकी नेमकी बोळावर उघडायची. काकूंना मंगळवारचं सगळं माहीत होतं. त्यांना शिवणताईंकडे कोण कधी यायचं तेही माहीत होतं. शाळेतल्या बाई गणवेश घेऊन यायच्या, दवाखान्यातली नर्स उंचीला कमी म्हणून सगळं आखूड करून न्यायची, आणि एक म्हातारे गृहस्थ एकच कोट अकरा वर्षं उसवून घेत होते, कधी सैल करायला, कधी घट्ट. वकीलबाई लिहीत गेल्या. एका ठिकाणी त्यांनी 'दररोज' असं लिहिलं, तर काकूंनी थांबवलं. त्या दोन वेळा लेकीकडे जाऊन राहिल्या होत्या, ते महिने वगळायला सांगितले. फाटक बसवायला चार माणसं होती का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "काम तिघं करत होते. चौथा पायरीवर बसला होता. तो त्यांच्यातला होता की नुसता बसला होता, ते मला माहीत नाही. तसंच लिहा."

तसंच लिहिलं गेलं. दीड पान झालं. त्यात 'सदर' दोनदा आला.

घड्याळजींनाही दुसरं प्रतिज्ञापत्र करावं लागलं, पहिल्यातल्या चुका कबूल करणारं. मंगळवारचा प्रकार मी स्वतः पाहिलेला नाही, तो मला पत्नीने दुपारी जेवताना सांगितला, असं त्यात होतं. सही करण्यापूर्वी त्यांनी हळूच विचारलं, "पत्नीने सांगितला याऐवजी, विश्वसनीय सूत्रांकडून कळला, असं नाही का चालणार?"

"चालेल की," वकीलबाई म्हणाल्या, "पण मग सूत्राचं नाव लिहावं लागेल."

या वेळची सही चार अक्षरांत आटोपली.

न्यायाधीशांनी खुलाशासोबत काकूंचं प्रतिज्ञापत्रही दाखल करून घेतलं, आणि पुढच्या सुनावणीला काकू साक्षीला उभ्या राहिल्या. मऊ बोलणाऱ्या वकिलांनी विचारलं, बाई, स्वयंपाक सोडून दिवसभर खिडकीतून बघत बसता का? काकू म्हणाल्या, बघत बसत नाही. हात कामात असतात, डोळे मोकळे असतात. मग वकिलांनी विचारलं, मिनिटासकट वेळ कशी लक्षात राहिली?

"आमच्या घरात एकोणीस घड्याळं आहेत," काकूंनी सांगितलं. "सोळा बंद आहेत. उरलेल्यांपैकी दोन दहा बारा दाखवत होती. तिसरं मागे आहे."

न्यायाधीशांनी रुमालाने ओठ टिपले. वकिलांनी शेवटचा प्रश्न राखून ठेवला होता. तुम्ही एवढ्या खऱ्या, तर तुमच्या नवऱ्याने खोटी शपथ का घेतली?

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. घड्याळजी बाकाच्या टोकावर, मांडीवर हात ठेवून बसले होते.

"खोटं बोलायचं म्हणून नाही घेतली साहेब," त्या म्हणाल्या. "मी दुपारी काही सांगितलं की संध्याकाळपर्यंत ते त्यांनी पाहिलेलं असतं. लग्न झाल्यापासून असंच आहे. ते त्यांना खरंच दिसतं."

कोर्टात कुणी हसलं नाही. घड्याळजींनी मान खाली घातली. लाज वाटली ती वाटलीच, पण आपल्याला कुणीतरी इतकी वर्षं इतकं नीट पाहत होतं, हेही त्यांना त्याच वेळी कळलं.

न्यायाधीशांनी हुकूम दिला की अंतिम निकाल लागेपर्यंत फाटक उघडं ठेवावं आणि कुणाची वाट अडवू नये. घड्याळजींचा खुलासा त्यांनी स्वीकारला, आणि पुन्हा अशी शपथ घेतलीत तर खुलासा चालणार नाही, असं बजावून त्यांना सोडलं. दुसऱ्या दिवशी फर्निचरवाल्याने कुलूप काढलं. शिवणताई बोळातून चालत पुढे आल्या, गल्लीत क्षणभर उभ्या राहिल्या आणि काही काम नसताना तशाच परत गेल्या. मग पुन्हा आल्या. दुपारपर्यंत शाळेतल्या बाई गणवेशांची चळत घेऊन आल्या आणि मशीन सुरू झालं.

घड्याळजींनी काही दिवस मान वर न काढता काम केलं. पण स्वभाव तो स्वभाव. पंधरा-वीस दिवसांनी पलीकडच्या गल्लीतला बेकरीवाला दुकानात आला. शेजाऱ्याने सामाईक भिंत फोडली होती, प्रकरण कोर्टात जाणार होतं, आणि प्रतिज्ञापत्र कसं करतात ते त्याला विचारायचं होतं. घड्याळजींनी भिंग काढलं, स्टूल पुढे सरकवलं, घसा साफ केला आणि म्हणाले, बसा, सगळं सविस्तर सांगतो.

बेकरीवाला बसला नाही. जिन्याकडे पाहत त्याने अदबीने विचारलं, "काकू वर आहेत का?"

घड्याळजींनीही जिन्याकडे पाहिलं आणि थोडा विचार केला.

"आहे असं मला वाटतं," ते म्हणाले. "स्वतः पाहिलेलं नाही."