अर्धी अर्धी डिक्शनरी

डिक्शनरी फाटली तेव्हा घरात भांडण चालू नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. वहिनी ती फक्त आपल्याकडे ओढत होत्या आणि दादा ती फक्त सोडत नव्हते. मग टर्रकन आवाज झाला आणि नवराबायको स्वयंपाकघराच्या दोन टोकांना जाऊन आदळले. दोघांच्याही हातात डिक्शनरी होती. हवं तेच झालं होतं, फक्त अर्धं.

दोघं एकाच गोदामात पार्सलं बांधायचे. सगळं गोदाम त्यांना दादा आणि वहिनी म्हणायचं. त्यांनी बांधलेलं पार्सल वाटेत कधी उघडलं नव्हतं. काही तर पोचल्यावरही उघडली नव्हती. पण काम सगळं उभ्यानं. संध्याकाळी घरी येईपर्यंत वहिनींच्या पोटऱ्यांचे दगड झालेले असत. अशात गोदामात गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला एक माणूस नेमायचं ठरलं. अट एकच, इंग्रजी यायला हवं. आणि त्या माणसाला खुर्ची मिळणार होती. फिरती, हात टेकायची सोय असलेली. वहिनींनी तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि त्या क्षणापासून त्यांना इंग्रजी शिकायचं होतं. अडचण एवढीच, की खुर्ची दादांनीही पाहिली होती. त्यांची कंबर धरायची, आणि घरात डिक्शनरी एकच होती.

"कुठपर्यंत आहे तुमच्याकडे?" वहिनींनी उठत विचारलं.

दादांनी शेवटचं पान पाहिलं. "लाइन. रेघ, रांग, दोरी... इथं फाटलंय."

"पुढचे अर्थ माझ्याकडे आलेत. फोनची लाइन, धंद्याची लाइन, कोटाला अस्तर लावणे."

"लाइन मारणे आहे का?"

"नाही. तुमच्यात?"

"नाही."

"मग इंग्रजांना लागत नसेल. आपल्याला तर नाहीच." वहिनींनी विषय मिटवला. "आता ऐका. चिकटवायची नाही. तुमचं तुमच्याकडे, माझं माझ्याकडे. माझ्या अर्ध्यातला शब्द तुमच्या तोंडून आला, तर ती चोरी."

"आणि आधीपासून येतात ते शब्द?"

"तेही. आता सॉरी माझ्याकडे आहे. तुमचं काही अडणार नाही, या घरात तुम्ही ते कधी वापरलेलं नाही."

अशी इंग्रजी भाषेची वाटणी झाली. दादांकडे ए पासून लाइनच्या अर्ध्यापर्यंत, वहिनींकडे तिथून झेड. वाटणीत होतं तसंच झालं, हवं ते दुसऱ्याच्या वाट्याला गेलं. दादांना हजबंड मिळाला, पण वाइफ नाही. लव्ह वहिनींकडे गेलं. दादांना लाइकवर भागवावं लागलं. यस आणि नो दोन्ही वहिनींकडे, त्यामुळे दादांना कशालाच हो-नाही म्हणता येईना. त्यांना फक्त 'आय' म्हणता यायचं आणि वहिनींना फक्त 'यू'. म्हणजे ते स्वतःबद्दल बोलायचे आणि त्याही त्यांच्याबद्दलच बोलायच्या. पण घरात हे आधीपासून तसंच होतं, म्हणून फरक जाणवला नाही. सकाळी गोदामाच्या फाटकातून आत शिरताना दादा वॉचमनला "गुड" म्हणत आणि मागून येणाऱ्या वहिनी "मॉर्निंग" म्हणत. वॉचमन दोनदा सलाम करायचा.

अभ्यासात वहिनींचा नियम कडक होता. एका शब्दाचे सगळे अर्थ झाल्याशिवाय पुढचा शब्द नाही, आणि प्रत्येक अर्थ कुणावर तरी वापरून बघायचा. 'पॅक'पाशी त्या अडकल्या. सामान बांधणे, ठीक. पत्त्यांचा जोड, ठीक. तोंडाला थापायचा लेप, तोही दादांवर थापून झाला. शेवटचा अर्थ होता लांडग्यांची टोळी. "जन्म गेला पॅकिंगमध्ये, पण हे कुणी बोललं नाही," असं म्हणत त्या जेवणाच्या सुट्टीत डबे उघडणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांकडे बराच वेळ बघत बसल्या. मग समाधानानं पान उलटलं.

परीक्षेच्या दिवशी उमेदवार दोघंच होते. नवराबायकोच्या मध्ये पडायला बाकी कुणी धजावलं नाही. साहेब केबिनमध्ये बसून गिऱ्हाईक होणार आणि फोन करणार. उमेदवारानं बाहेर त्या खुर्चीत बसून उत्तरं द्यायची.

आधी दादा बसले. फोन वाजला.

"हॅलो," दादा म्हणाले. इथपर्यंत शब्द त्यांचेच होते.

"व्हेअर इज माय पार्सल?" गिऱ्हाईक खवळलेलं होतं.

दादांना सगळं कळलं. इथं काय म्हणायचं तेही कळलं. त्यांनी तोंड उघडलं, दारात हाताची घडी घालून उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिलं आणि मिटलं.

"बॉक्स," ते म्हणाले. "गुड बॉक्स. बिग डिले. आय... आय क्राय."

गिऱ्हाइकानं घाईघाईनं फोन ठेवून दिला.

मग वहिनी बसल्या. खुर्ची हळूच खाली दबली आणि इथून आता उठायचं नाही, हे पोटऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. फोन वाजला. वहिनींनी सुरुवातीलाच "सॉरी" म्हणून टाकलं, सगळ्या अर्थांनी. गिऱ्हाईक विरघळलं. म्हणालं, मी घर बदललंय, आणि माझं पार्सल जुन्या घरी निघालंय.

"न्यू..." वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचा शब्द त्यांना लहानपणापासून येत होता. पण तो ए मध्ये होता. "न्यू प्लेस? न्यू वॉल? न्यू रूफ?"

"व्हॉट?"

"न्यू विंडो," वहिनी निर्धारानं म्हणाल्या.

आता दारात दादा उभे होते. वहिनी हरल्या की खुर्ची आपली, हे त्यांना ठाऊक होतं. पण पार्सल चुकीच्या दारात जातंय हे त्या माणसाला आयुष्यात कधी सहन झालेलं नव्हतं, मग ते पार्सल मुळात नसलं तरी.

"अगं, अ‍ॅड्रेस म्हण."

वहिनींनी फोनवर हात ठेवला. "तो तुमचा आहे."

"दिला. घे."

"नंतर परत मागाल."

"नाही मागत. पार्सल जुन्या घरी चाललंय गं, तिथं कोण घेणार ते?" दादा कळवळून म्हणाले.

"न्यू अ‍ॅड्रेस, प्लीज," वहिनी फोनमध्ये म्हणाल्या. गिऱ्हाइकानं पत्ता सांगितला आणि विचारलं, आत काचेचं सामान आहे, त्याचं काय? काच दादांकडे होती. ते धावत आले आणि त्यांनी फोनला कान लावला. एका बाजूनं वहिनींचा कान, दुसऱ्या बाजूनं दादांचा.

"ग्लास," दादा म्हणाले.

"सेफ," वहिनी म्हणाल्या.

"कम..."

"टुमारो."

शेवटी दादा घुटमळले. वहिनींनी ओळखलं. "घ्या, सॉरी घ्या. पण घरीही वापरायचं."

"सॉरी," दादा म्हणाले. फारच मनापासून आलं. बरीच वर्षं साठलेलं होतं.

साहेब बाहेर आले. "दोघं मिळून एक माणूस होताय," ते म्हणाले. "दोघांनाही नेमलं."

"आणि खुर्ची?" वहिनींनी बसल्या जागेवरून विचारलं.

"वहिनी, एकाला दिली तर दुसरा घरी जाऊन काय करेल, ते माझ्या डोक्याला नको. ज्याला एकट्याला सगळं बोलता येईल, त्यानं घेऊन जावी." आणि वहिनींना उठवून साहेब खुर्ची ढकलत केबिनमध्ये घेऊन गेले. तिची चाकं अजिबात वाजत नव्हती, हे वहिनींना जास्त लागलं.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी दोघं एकदमच म्हणाले, "चिकटवू या का?"

आता प्रत्येकाला दुसऱ्याचा अर्धा हवा होता, शिवाय डिक्शनरी पुन्हा फाटून चालणार नव्हती. मग दोघांनी मन लावून काम केलं. मधे डिंक. वर पुठ्ठा. आडवी पॅकिंग टेप, उभी पॅकिंग टेप, कोपऱ्यांना जादा टेप, वरून प्लॅस्टिकची पट्टी. वहिनींनी मार्करनं बाण काढून 'ही बाजू वर' असंही लिहिलं. काम संपल्यावर दोघं ते आळीपाळीनं हातात घेऊन बघत बसले.

"आता नाही फाटत," दादा म्हणाले.

"जन्मात नाही."

दादांनी लाइनचे उरलेले अर्थ बघायला पार्सल हातात घेतलं.

"अगं, उघडायची कुठून?"

वहिनींनी पार्सल चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. कुठूनच नाही.

"कटर आणू?"

वहिनींनी अशा नजरेनं पाहिलं, की दादा पुन्हा खाली बसले. "आपण बांधलेलं आपणच कापायचं? गोदामात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहील का?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पार्सल गोदामात नेलं. फोनच्या टेबलाशी एक रिकामं लाकडी खोकं उपडं घातलं, त्यावर डिक्शनरी ठेवली आणि बसल्या. उंची मापून घेतल्यासारखी जमली. पोटऱ्यांनी निःश्वास सोडला.

दादा कंबरेवर हात ठेवून शेजारी उभे होते. "त्यात अर्धी माझी आहे," ते म्हणाले.

"आहे ना. खाली आहे." वहिनींनी जरा सरकून पार्सलावरचा बाण दाखवला. "मी माझ्याच अर्ध्यावर बसलेय."

दादा वाकून बाणाकडे बघत राहिले. काल रात्री तो सवयीनं काढला, असं त्यांना वाटलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनींनी तो उचलून दोघांच्या मधे धरला.

"गुड," दादा उभ्यानं म्हणाले.

"मॉर्निंग," वहिनी बसून म्हणाल्या.